पॉवर स्टिअरिंगमध्ये ब्रेक ऑइल चालत नाही

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचे स्टिअरिंग जड झाले, की ‘थोडे ब्रेक ऑइल ओता, चालते’ असा सल्ला कोल्हापुरात उद्यमनगरापासून गगनबावड्यापर्यंत आजही बिनदिक्कत दिला जातो. तो चुकीचा आहे. डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते, तर अशा बहुतेक गाड्यांच्या स्टिअरिंगला डेक्सरॉनसारखे खनिज तेलाचे एटीएफ (मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे तेल) लागते. ग्लायकॉलमुळे पंपातील रबरी सील फुगून मऊ पडतात आणि पंपाला वंगणही पुरत नाही. (सील फुगल्याने सुरुवातीला गळती थांबल्यासारखी वाटते, समज टिकला तो बहुधा त्यामुळेच.) मुळात ही बंद यंत्रणा असल्याने तेल आपोआप संपत नाही, म्हणून पातळी उतरली असेल तर आधी होज, क्लॅम्प आणि स्टिअरिंग बॉक्सखालच्या सीलपाशी तेलकट ओल शोधावी. तेल काळपट, करपट वासाचे असल्यास ते पूर्ण बदलावे.