चार बटणं आणि एक मत

न्यूयॉर्कच्या २०२५ च्या प्राथमिक (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत मतदारांनी उमेदवारांना पहिली, दुसरी, अशी पाचव्या क्रमांकापर्यंत पसंती दिली. त्यावर बडोद्याच्या रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या आपल्या मराठी मंडळींचा शेरा ठरलेला: ‘एका माणसाला पाच मतं? ही कसली लोकशाही!’ गंमत म्हणजे हा आक्षेप न्यूयॉर्कला लागू पडत नाही, बडोद्याला पडतो. आपल्या महानगरपालिकेत १९ वॉर्ड, प्रत्येकात ४ नगरसेवक, आणि मतदाराला खरोखरच चार मतं. पसंतीक्रमात मत एकच. ज्याला दिलं त्याला त्याचा उपयोग नसेल, तर ते पुढच्याकडे सरकतं.

चार मतांनी काय होतं? समजा वॉर्डात १०,००० जणांनी मतदान केलं. ५,५०० जणांनी एका पक्षाच्या चौघांची बटणं दाबली, ४,५०० जणांनी दुसऱ्याच्या चौघांची. पहिल्या पक्षाचे चारही निवडून, ४५ टक्क्यांच्या हाती शून्य. यालाच आपण ‘आखी पॅनल आली’ म्हणतो. दुसऱ्याचा एखादा घुसला की ‘पॅनल तुटली’. २०२१ मध्ये ७६ पैकी ६९ जागा भाजपला आणि ७ काँग्रेसला मिळाल्या. काम कुणाचं चांगलं हा वाद वेगळा, पण मोजायची ही रीत आघाडीवरच्याला फुगवतेच.

 

आता पसंतीक्रमाने मोजू. चार जागांसाठी कोटा, म्हणजे निवडून यायला पुरेशी मतं, किती? १०,००० भागिले ५, अधिक १, म्हणजे २,००१. पाच जणांना प्रत्येकी २,००१ मिळायला १०,००५ मतं लागतील, तेवढी नाहीतच. म्हणून कोटा गाठणारे चारांहून जास्त होऊच शकत नाहीत. ड्रूप नावाच्या इंग्रज वकिलाने १८६८ मध्ये मांडलेला हा हिशेब.

खरी मजा पुढे आहे. एका उमेदवाराला ३,००० पहिल्या पसंती पडल्या. ९९९ जास्तीच्या. त्या वाया का घालवायच्या? पण तीन हजारांतल्या नेमक्या कोणत्या ९९९ पुढे पाठवायच्या? अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात १९४१ पासून नगरसभा याच पद्धतीने निवडतात. तिथे ठरावीक अंतराने मतपत्रिका उचलतात. म्हणजे थोडा नशिबाचा भाग आलाच. मेलबर्नच्या ग्रेगरींनी १८८० मध्ये सुचवलं: सगळ्याच पत्रिका पुढे पाठवा, पण प्रत्येकीची किंमत कमी करून. आपली राज्यसभा हेच करते. तिथे एका मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. मग आपला कोटा होतो २,००,००१, उमेदवाराकडे ३,००,०००, शिल्लक ९९,९९९. भागिले ३,००० म्हणजे ३३ आणि वर अपूर्णांक. तो सोडून द्यायचा. त्यातल्या २,००० पत्रिकांवर दुसरी पसंती त्याच्याच पक्षातल्या सहकाऱ्याला असेल, तर त्याला ६६,००० मिळाले, म्हणजे ६६० मतं. उरलेल्या हजारांचे ३३,००० ज्यांच्या त्यांच्याकडे. शिल्लक वाटून झाली आणि जागा भरल्या नाहीत, की तळाचा उमेदवार बाद, आणि त्याच्या पहिल्या पसंतीच्या पत्रिका पूर्ण किमतीने पुढे.

सगळे मतदार आपल्याच पक्षाला धरून राहिले, तर वरच्या वॉर्डात निकाल २-२. तिसऱ्या जागेसाठी ६,००३ मतं हवीत, ती ५,५०० वाल्यांकडे नाहीत. ५५ टक्केवाल्यांना हे अन्यायाचं वाटेल, आणि त्यांची तक्रार अगदीच चूक नाही.

एकच जागा असली की कोटा निम्म्याच्या वर. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तो होता ४,१८,१६९. व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८, आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. पुढच्या पसंतींतून जास्त मतं रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि जिंकले.

पसंतीक्रम आला की पुढारी गोड बोलू लागतील, भ्रष्टाचार ओसरेल, असले दावे मी करणार नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०२४ मध्ये चार विभागांतून प्रत्येकी तीन नगरसेवक असेच निवडले. त्यासाठी आधी विभाग नव्याने आखावे लागले. बडोद्यात चारचे वॉर्ड तयारच आहेत. अडचण यंत्रांची: ती क्रम नोंदवत नाहीत, कागदावर यावं लागेल. दुसरी अडचण आरक्षणाची. चारपैकी दोन जागा महिलांच्या. म्हणजे दोन पुरुष निवडून आले की उरलेले सगळे पुरुष त्याच क्षणी बाद धरायचे आणि त्यांच्या पत्रिका पुढच्या पसंतीच्या बायकांकडे न्यायच्या, असा नियम मोजणीतच घालावा लागेल.