आदर्श एमएमओआरपीजी

आदर्श एमएमओआरपीजी म्हणजे असा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम जिथे हजारो लोक एकाच जगात एकाच वेळी असतात, प्रत्येकाचा कुणाला ना कुणाला काहीतरी उपयोग असतो आणि तुम्ही लॉगआऊट केलंत तरी ते जग चालूच राहतं. असा पूर्ण गेम अजून कुणी बनवलेला नाही. पण त्याचे तुकडे वेगवेगळ्या गेम्समध्ये खरोखर बनलेत, लोक वर्षानुवर्षं ते खेळलेत, आणि कुठला तुकडा चालला, कुठला का मोडला हे आता बऱ्यापैकी माहिती आहे. म्हणून आदर्श गेमबद्दल बोलताना हवेत बोलायची गरज नाहीये.

या प्रकाराचं मूळ 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात सापडतं. तिथे रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी मड नावाचा गेम लिहिला. चित्रं नव्हती, नुसता मजकूर, पण एकाच जगात बरेच जण एकदम शिरू शकत होते आणि ती तेव्हा फार मोठी गोष्ट होती. याच बार्टलने 1996 मध्ये एक लेख लिहिला जो आजही प्रत्येक चर्चेत निघतो. त्यात त्याने खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: लेव्हल आणि बक्षिसं मिळवणारे, जग धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्यांना त्रास देण्यात मजा मानणारे. लोक एवढंच लक्षात ठेवतात आणि स्वतःचा प्रकार कुठला ते शोधत बसतात. पण लेखातला जास्त कामाचा भाग पुढचा आहे: हे चारही प्रकार एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणजे दुसऱ्यांना मारून त्रास देणारे वाढले की गप्पा मारणारे पळतात, ते पळाले की जग ओस पडतं आणि मग मारायलाही कुणी उरत नाही. त्यामुळे आदर्श गेम कुणा एकासाठी बनवून भागत नाही.

एकमेकांची गरज

माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. ग्राफिक्स, स्टोरी, लढाईची सिस्टीम हे सगळं नंतर येतं. दुसऱ्या खेळाडूची खरी गरज पडत नसेल तर तो गेम ऑनलाइन असून काय उपयोग, नुसती गर्दी दिसते.

मार्च 1999 मध्ये एव्हरक्वेस्ट आला. त्यात मेलात की तुमचं सगळं सामान तुमच्या प्रेतावर राहायचं, तुम्ही लांब कुठेतरी रिकाम्या हाताने जिवंत व्हायचा, आणि जिथे मेलात तिथपर्यंत परत जाऊन ते सामान उचलायचं. अनुभवाचे पॉइंटही कापले जायचे. वाचायला हे क्रूर वाटतं आणि होतंही. पण त्यामुळेच क्लेरिक या बरं करणाऱ्या भूमिकेला किंमत होती कारण तो तुम्हाला जिवंत करून गेलेला अनुभव बराचसा परत द्यायचा, नेक्रोमॅन्सर प्रेत ओढून आणून द्यायचा, ड्रुइड आणि विझार्ड लोकांना लांब लांब टेलिपोर्ट करून त्याचे पैसे घ्यायचे. गेममध्ये नीट बाजार नव्हता म्हणून लोकांनी ईस्ट कॉमनलँड्स नावाच्या भागातल्या एका बोगद्यात आपणहून बाजार भरवायला सुरुवात केली, तिथे उभं राहून चॅटमध्ये ओरडून माल विकायचा. डिझायनरने हे ठरवलेलं नव्हतं, गरजेतून उभं राहिलं.

प्रेत शोधत फिरायला लावणं आज कुणी सहन करणार नाही आणि करूही नये, ज्याच्याकडे संध्याकाळचा एक तास आहे त्याचा तो तास असा जाणं चूक आहे. पण शिक्षा काढून टाकताना बहुतेक गेम्सनी त्याबरोबर मदतही काढून टाकली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये डिसेंबर 2009 ला डंजन फाइंडर आला (डंजन म्हणजे राक्षसांनी भरलेली बंदिस्त जागा, जी छोटा गट मिळून सर करतो), बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप जमणार आणि थेट डंजनच्या आत पोचणार. त्याआधी शहराच्या चॅटमध्ये टँक (मार झेलणारा) हवाय, हीलर (बरं करणारा) हवाय असं विचारत बसावं लागायचं, वेळ जायचा, पण ज्याच्याबरोबर खेळलात तो तुमच्याच सर्व्हरवरचा असायचा, उद्या परत भेटायचा, आणि लूट चोरणाऱ्याचं नाव सगळीकडे व्हायचं. बटणानंतर लोक एकही शब्द न बोलता डंजन संपवून निघून जायला लागले. आदर्श गेममध्ये ग्रुप पटकन मिळायलाच हवा, पण तो आधी ओळखीच्या जगातून मिळावा, आणि ज्यांच्याबरोबर चांगलं जमलं ते पुढच्या वेळी आपोआप आधी यावेत, एवढं तर कोडमध्ये सहज बसतं.

लेव्हलमधला फरक हा मैत्रीचा दुसरा शत्रू. मित्र सहा महिने आधीपासून खेळतोय, तुम्ही आज आलात, तर एकत्र खेळताच येत नाही. 2004 च्या सिटी ऑफ हिरोजने साइडकिक पद्धत आणून हे तेव्हाच सोडवलं होतं, खालच्या लेव्हलचा खेळाडू वरच्याबरोबर असेपर्यंत जवळपास त्याच्याच ताकदीचा व्हायचा. 2012 च्या गिल्ड वॉर्स 2 ने उलट केलं, म्हणजे सोप्या भागात गेलात की तुमचीच लेव्हल खाली येते, त्यामुळे जुने नकाशे मरत नाहीत. शिवाय खाणीतलं लोखंड एकाने काढलं तरी ते दुसऱ्यासाठीही शिल्लक असतं, तेव्हा दुसरा खेळाडू येताना दिसला की वैताग येत नाही, उलट बरं वाटतं. ही छोटीशी गोष्ट आहे पण मला वाटतं या गेमचा सगळ्यात मोठा शोध हाच.

लढाई सोडून जगणं

2003 मध्ये आलेला स्टार वॉर्स गॅलॅक्सीज इथे जरा सविस्तर पाहावा लागतो, कारण आदर्शाच्या सगळ्यात जवळ तोच गेला होता असं मी आजही मानतो. त्यात चांगल्या वस्तू दुकानदार एनपीसी (गेमने चालवलेली पात्रं) विकत नव्हते, खेळाडू बनवायचे. कच्चा माल ठरावीक नव्हता, एखाद्या ग्रहावर एखाद्या प्रकारचा धातू काही दिवस निघायचा, त्याचे गुण आकड्यांमध्ये वेगळे असायचे, आणि मग तो संपायचा तो कायमचा. त्यामुळे सर्व्हे करत हिंडणारे लोक होते, चांगला साठा सापडला की तिथे मशिन लावून ठेवायचे, शस्त्र बनवणारा तो माल साठवून ठेवायचा आणि अमुक एकाच्या रायफली सगळ्यात भारी अशी त्याची ख्याती व्हायची. शस्त्रं झिजायची, म्हणून गिऱ्हाईक परत यायचं. लढून आलेल्यांना मनाचा थकवा घालवायला कॅन्टिनात जाऊन नाचणाऱ्या आणि वाजवणाऱ्या खेळाडूंसमोर बसावं लागायचं, जखमांसाठी डॉक्टर. म्हणजे एकही प्राणी न मारता तुम्ही त्या जगात मोठे होऊ शकत होतात.

तो मोडला कसा हे जास्त शिकण्यासारखं आहे. जेडाय, म्हणजे स्टार वॉर्समधला शक्तिशाली योद्धा, व्हायचा रस्ता गुप्त ठेवला होता, मग 2003 च्या शेवटी होलोक्रॉन नावाच्या वस्तू आल्या आणि त्यातून कळायला लागलं की काही ठरावीक व्यवसाय पूर्ण शिकले की तो रस्ता उघडतो. झालं, ज्यांना नाचण्यात काडीचा रस नव्हता ते मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लावून रात्रभर नाचत उभे राहिले, कालचे शिंपी सगळं टाकून डॉक्टर व्हायला लागले, आणि जी माणसं त्या व्यवसायात मनापासून होती त्यांची किंमत गेली. मग नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीने व्यवसायांची सगळी सिस्टीमच बदलून नऊ साधे क्लास (तयार भूमिका) केले, लोक चिडले आणि मोठ्या संख्येने सोडून गेले. सर्व्हर 15 डिसेंबर 2011 ला बंद झाले. आदर्श गेममध्ये सगळ्यांना एकाच दिशेने पळायला लावणारं एवढं मोठं बक्षीस ठेवूच नये, आणि खेळाडूने दोन वर्षं घालून कमावलेला धंदा एका पॅचमध्ये (गेमच्या एका बदलात) पुसायचा नाही.

जग जिवंत असणं

1997 च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये प्राण्यांची खरी साखळी करायचा प्रयत्न होता, शाकाहारी प्राणी गवत खाणार, लांडगे त्यांना खाणार, आणि साखळी बिघडली की लांडगे वस्तीकडे येणार वगैरे. खेळाडू आत आले आणि प्राणी तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने दिसेल ते मारत सुटले, साखळी टिकलीच नाही आणि ते काढून टाकावं लागलं. कल्पना चुकीची नव्हती. माणसं किती खातील याचा हिशोब चुकला.

याउलट सप्टेंबर 2005 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये जे झालं ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. झुलगुरुब नावाच्या रेडमधला (मोठ्या गटाने मिळून करायच्या मोहिमेतला) शेवटचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, हक्कार खेळाडूंवर रक्ताचा एक रोग टाकायचा जो शेजारच्याला लागायचा, आणि तो त्या रेडपुरताच राहणं अपेक्षित होतं. पण हंटरने (पाळीव प्राणी बाळगणाऱ्या शिकारी खेळाडूने) रोग झालेला प्राणी तिथेच गायब केला आणि शहरात येऊन पुन्हा बोलावला की रोग त्याच्याबरोबर बाहेर. शहरातल्या एनपीसींना तो लागायचा, ते मरायचे नाहीत पण पसरवत राहायचे, कमी लेव्हलवाले क्षणात मरायचे. काही हीलर मुद्दाम शहरात जाऊन लोकांना वाचवत होते, काही गर्दी सोडून जंगलात निघून गेले, काही मुद्दाम रोग पसरवत हिंडले. शेवटी सर्व्हर रिसेट करावे लागले. 2007 मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात यावर लेख आला, कारण माणसं साथीत कशी वागतात हे त्यात दिसलं होतं. हजारो क्वेस्ट (गेमने दिलेली कामं) विसरले जातात आणि ही घटना लोकांना अजून आठवते. आदर्श गेमला अशा घटना मुद्दाम, सांभाळून, पण खऱ्या परिणामांसकट घडवता यायला हव्यात.

एकच जग असण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 2003 चा ईव्ह ऑनलाइन, अंतराळातल्या जहाजांचा गेम. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळे खेळाडू एकाच विश्वात आहेत. जानेवारी 2014 मध्ये बी-आर5आरबी नावाच्या सूर्यमालेत झालेल्या लढाईत 75 टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं, नष्ट झाली, सुरुवात कशाने झाली तर तिथल्या ताब्याचं गेममधलं बिल भरलं गेलं नाही म्हणून. इतके लोक एका ठिकाणी आले की सर्व्हर झेपवू शकत नाही, त्यासाठी ईव्हमध्ये वेळच हळू होतो, पार 10 टक्क्यांपर्यंत. लढाई बघायला कंटाळवाणी होते हे खरं, पण सगळ्यांचं समान होतं, लॅगवर, म्हणजे सर्व्हर रखडल्यामुळे, कुणी जिंकत नाही. गर्दी झाली की गुपचूप नकाशाच्या वेगळ्या कॉप्या करणाऱ्या गेम्सपेक्षा मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

पैसा

गेममधला पैसा राक्षस मारले की हवेतून तयार होतो, त्यामुळे तो कुठेतरी नष्टही व्हावा लागतो, नाहीतर महागाई होऊन नवीन खेळाडूला काही घेताच येत नाही. दुरुस्तीचा खर्च, लिलावावरचा कर, वस्तू झिजणं हे सगळं त्यासाठी. ईव्ह बनवणाऱ्या कंपनीने 2007 मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीवर ठेवला होता आणि मला तरी ते अगदी बरोबर वाटतं.

बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) आणि खऱ्या पैशाला गेममधलं सोनं विकणाऱ्यांचा त्रास मात्र कुणालाच पूर्ण सुटलेला नाही. रुनस्केपने डिसेंबर 2007 मध्ये त्यांना रोखायला मुक्त व्यापारच बंद केला आणि वाइल्डरनेस नावाच्या भागातली जुनी पीव्हीपी (खेळाडूंची एकमेकांशी लढाई) काढली, त्यात प्रामाणिक खेळाडूच भरडले गेले, आणि 2011 च्या सुरुवातीला मतदान घेऊन दोन्ही परत आणावं लागलं. खऱ्या पैशाचं दुकान असेल तर त्यात कपडे, रंग असलं दिखाऊ सामान असावं, ताकद नको. एकदा पे-टू-विन (पैसे देऊन जिंकणं) आलं की बाकी कितीही चांगलं बनवा, कमावलेल्या गोष्टीला मान राहत नाही.

पीव्हीपी

हा वाद कधीच संपत नाही. अल्टिमा ऑनलाइनमध्ये सुरुवातीला शहराबाहेर कुणीही कुणाला मारू आणि लुटू शकत होतं, 2000 मध्ये त्यांनी जगाच्या दोन प्रती केल्या, ट्रॅमेलमध्ये परवानगीशिवाय मारता येत नाही आणि फेलुकामध्ये येतं, आणि बहुतेक लोक ट्रॅमेलला गेले. ईव्हचा मधला मार्ग जास्त चांगला: जग एकच, सुरक्षित भागात गुन्हा केला तर पोलीस जहाज उडवतात, बाहेर धोका जास्त आणि कमाईही जास्त. कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

बनवणारे आणि खेळणारे

फायनल फँटसी 14 सप्टेंबर 2010 मध्ये आला आणि सपशेल आपटला. साध्या कुंडीच्या मॉडेलवर एका कॅरेक्टरइतके पॉलिगॉन (चित्र घडवणारे छोटे तुकडे) खर्च केले होते, सर्व्हर आणि मेनू रखडायचे, करायला फारसं काही नव्हतं. नाओकी योशिदा या निर्मात्याने सूत्रं घेतली आणि जुना गेम चालू ठेवून शेजारी नवीन बनवायला घेतला, खेळाडूंना जाहीर पत्रांमधून काय चाललंय ते सांगत राहिला. नोव्हेंबर 2012 मध्ये आकाशातला चंद्र पडून जुनं जग गोष्टीतच नष्ट झालं, आणि ऑगस्ट 2013 मध्ये त्याच विनाशानंतरचं जग घेऊन नवीन गेम आला. चूक लपवली नाही, गोष्टीत घेतली, आणि जुन्या खेळाडूंनी त्या जगासाठी दिलेला वेळ वाया गेला नाही. याच गेममध्ये एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब (भूमिका) शिकता येतात, हेही आदर्श गेमने उचलावं.

ओल्ड स्कूल रुनस्केप 2013 पासून बहुतेक मोठे बदल मतदानाला टाकतो, सुरुवातीला 75 टक्के होकार लागायचा. यामुळे धाडसी बदल अडतात हा आक्षेप खरा आहे. तरीपण स्टार वॉर्स गॅलॅक्सीजसारखं एका रात्रीत सगळं उलटंपालटं करणं या पद्धतीत होऊ शकलं नसतं.

आणि गेम बंद होणार असेल तर? सिटी ऑफ हिरोज नोव्हेंबर 2012 ला बंद झाला, चाहत्यांनी नंतर खाजगी सर्व्हर चालवले, आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या होमकमिंग सर्व्हरला हक्कदार कंपनीने अधिकृत लायसन्स दिलं. मधल्या काळात खेळाडूंना जगच नव्हतं किंवा ते लपूनछपून चालवावं लागत होतं. आदर्श एमएमओच्या करारात हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असावं की कंपनीने सर्व्हर बंद केले तर ते चालवायचं सॉफ्टवेअर आणि तशी परवानगी खेळाडूंना मिळेल.