आयबुप्रोफेन आणि भरल्या पोटाचा भरवसा

दाढ ठणकू लागली किंवा अंग तापले की औषधाच्या दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनची गोळी ‘जेवणानंतर घ्या’ असे बजावले जाते, आणि जेवून घेतली म्हणजे ती निर्धोक झाली, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

नॉटिंगहॅम येथे स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली शोधलेले हे औषध सायक्लोऑक्सिजिनेज या विकराला (एन्झाइमला) रोखते. या विकरामुळे तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये दुखऱ्या जागी सूज व वेदना वाढवतात, मेंदूत ताप चढवतात. मात्र तीच जठराच्या अस्तरावरचा संरक्षक थर टिकवतात आणि शरीरात पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या खुल्या ठेवतात. गुडघा कोणता आणि जठर कोणते, हे गोळीला कळत नाही. जेवणामुळे जळजळ कमी जाणवत असली, तरी औषध रक्तावाटे जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचतेच, म्हणून व्रणाचा (अल्सरचा) धोका टळत नाही. वयस्कर माणसे, पूर्वी व्रण झालेले रुग्ण आणि रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टेरॉइड घेणारे यांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले, तर गोळी थांबवून तातडीने दवाखाना गाठावा.

मूत्रपिंडाची गोष्ट अधिक फसवी, कारण तिथे दुखत नाही. जुलाब-उलट्यांनी किंवा उन्हात राबून शरीर कोरडे पडलेले असताना, त्यातही टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना, आयबुप्रोफेनमुळे मूत्रपिंडाचे काम अचानक मंदावू शकते. पावसाळी तापात डेंग्यूची शंका असेल, तर रक्तस्रावाच्या भीतीने ते टाळून योग्य मात्रेत पॅरासिटामॉलच घेतात. गर्भारपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. मुलांची मात्रा वजनावरून ठरते, अंदाजाने नव्हे.

प्रौढाने स्वतःहून घ्यायची मर्यादा दिवसाला १२०० मि.ग्रॅ. आहे, पण ती पाळायची तर पोटात काय जाते आहे हे ठाऊक हवे. आपल्याकडे ४०० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन आणि ३२५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास खपतात. त्यांच्या जोडीला डायक्लोफेनॅक हे त्याच जातीचे वेदनाशामक घेणाऱ्याचा जठरावरचा भार वाढतो आणि वेगळी तापाची गोळी घेणाऱ्याच्या पोटात पॅरासिटामॉल दुहेरी जाते. त्यात दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर अनेकदा घटकांची नावेच उरत नाहीत. अशा वेळी अख्ख्या पट्टीची मागची बाजू मागून वाचावी. दुकानदार वैतागला तरी हरकत नाही.