वॉकर, फ्रेडरिक जॉन

(३ जून १८९६ – ९ जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन आणि अटलांटिकमधील सर्वांत यशस्वी पाणबुडीविरोधी सेनानी. जन्म प्लिमथ येथे. १९०९ मध्ये नौदलात प्रवेश. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पाणबुडीविरोधी युद्ध हा विषय धरला. मोठ्या तोफांच्या युद्धनौकांचा मान असलेल्या त्या काळात ही वाट बढतीकडे जाणारी नव्हती. १९३८ मध्ये त्यांचे कॅप्टनपद हुकलेच.

१९४१ मध्ये ‘स्टॉर्क’ ही स्लूप (तांड्यांच्या रक्षणासाठीची छोटी युद्धनौका) आणि ३६ व्या रक्षक गटाची धुरा त्यांच्याकडे आली. डिसेंबरमध्ये जिब्राल्टरहून निघालेल्या ‘एचजी ७६’ या ३२ व्यापारी जहाजांच्या तांड्याभोवती त्यांच्या गटाने चार जर्मन पाणबुड्या बुडवल्या. त्यांतली यू-५७४ ‘स्टॉर्क’च्या इतकी जवळ घिरट्या घालत होती की, तोफांची तोंडे तेवढी खाली वळेनात, शेवटी नौकेच्या पुढच्या टोकाने धडक देऊन ती बुडवली. तांड्यातली दोनच व्यापारी जहाजे गेली. मात्र ‘स्टॅनली’ ही विनाशिका आणि ‘ऑडॅसिटी’ ही छोटी विमानवाहू नौकाही गमवावी लागली. ‘ऑडॅसिटी’ रात्री तांड्यापासून दूर होती आणि व्यापारी जहाजाने सोडलेल्या प्रकाशगोळ्याच्या उजेडात ती पाणबुडीला स्पष्ट दिसली. रात्री उजेड करणे दुधारी असते, ते असे.

वॉकर यांचे खरे योगदान म्हणजे ‘सरपटता हल्ला’. ॲस्डिक या ध्वनिशोधकाचा झोत पुढच्या दिशेने जातो. नौका पाणबुडीच्या अगदी जवळ पोहोचली की संपर्क तुटतो. पाणबुडी जितकी खोल, तितका तो लवकर तुटतो. त्यात डेप्थ चार्ज (ठरावीक खोलीवर फुटणारा स्फोटक गोळा) दोनशे मीटर खोल पोहोचायला पाऊण ते एक मिनिट लागते. हल्ल्यासाठी वेग वाढवलेल्या नौकेच्या पंख्यांचा आवाज पाणबुडीला ऐकू येतो आणि तेवढ्या वेळात तिचा कप्तान सुकाणू वळवून निसटतो.

वॉकर यांनी हे काम दोन नौकांत वाटले. एक नौका सुमारे हजार यार्ड मागे राहून ॲस्डिकचा संपर्क सोडत नसे. दुसरी आपले ॲस्डिक बंद ठेवून जेमतेम पाच नॉटने पाणबुडीच्या माथ्यावरून पुढे जाई. पाणबुडीला दूरच्या नौकेचेच ध्वनी ऐकू येत. मागून इशारा मिळताच पुढची नौका वीस-पंचवीस डेप्थ चार्ज ओळीने सोडी. मागच्या नौकेने दिशा वा अंतर थोडे चुकवले तरी सगळा मारा फुकट जाई. म्हणून जोडीच्या नौकांचा सराव अत्यावश्यक असे. ही पद्धत वेळखाऊ होती. २ जून १९४३ रोजी यू-२०२ बुडाली ती सुमारे पंधरा तासांच्या पाठलागानंतर.

१९४३ पासून ‘स्टारलिंग’वरून ते दुसऱ्या साहाय्यक गटाचे नेतृत्व करत होते. तांड्याला चिकटून राहण्याचे बंधन या गटाला नव्हते, आणि सरपटत्या हल्ल्याला लागणारा वेळ त्यामुळेच मिळाला. ३१ जानेवारी ते १९ फेब्रुवारी १९४४ या एकाच मोहिमेत गटाने सहा पाणबुड्या बुडवल्या. मोहिमेच्या अखेरीस ध्वनीचा माग काढणाऱ्या टॉर्पेडोने गटातल्या ‘वुडपेकर’ या नौकेचा मागचा भाग उडवला, ओढून नेताना काही दिवसांनी ती बुडाली.

त्यांचा मुलगा टिमोथी ऑगस्ट १९४३ मध्ये ‘पार्थियन’ पाणबुडीसोबत बेपत्ता झाला होता. पुढच्याच वर्षी, अखंड मोहिमांनी थकलेल्या वॉकर यांचे लिव्हरपूल येथे मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन निधन झाले. त्यांचा देह समुद्रातच विसर्जित करण्यात आला. ‘स्टारलिंग’च्याच ब्लॅक स्वान वर्गातील ‘कावेरी’ आणि ‘कृष्णा’ या स्लूप स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलात राहिल्या.