तेच दळण पुन्हा दळावं का?

'साडी म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो आखूड, चुण्यांचा घागरा.' हे वाक्य आपल्याकडे शाळकरी पोरसुद्धा हसण्यावारी नेईल. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिसा फॅझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र अशी धडधडीत चुकीची वाक्यं विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि नंतर, काही नवी वाक्यं मिसळून, ती पुन्हा त्यांच्यासमोर ठेवली. 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्यांदा दिसलेल्या वाक्यांपेक्षा दुसऱ्यांदा दिसलेली वाक्यं जरा अधिक खरी वाटतात. त्या घागऱ्याला किल्ट म्हणतात हे ठाऊक असणारेही याला अपवाद नव्हते. त्यांनी साडीचा किल्ट मान्य केला असं नव्हे, पण काटा थोडा सरकला.

या परिणामाची पहिली नोंद 1977ची. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा लोकांना बोलावलं आणि दर वेळी 60 विधानं किती खरी वाटतात ते विचारलं. त्यातली 20 विधानं तिन्ही वेळा तीच होती. त्यांचे गुण चढत गेले, बाकीच्यांचे होते तिथेच राहिले. याचं कारण सोपं आहे. ओळखीचं वाक्य मेंदू चटकन पचवतो, आणि हा सहजपणा आपण खरेपणाची खूण समजतो. एरवी ही सवय वाईट नाही. खरी गोष्ट चार ठिकाणी कानावर येण्याची शक्यता खोटीपेक्षा जास्त असते. पण फॉरवर्डच्या जमान्यात ही खूण कुणालाही विकत घेता येते, तीही फुकट.

आता मुंबईतल्या सोसायटीच्या ग्रुपवर या. 2025च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, तेव्हा हा वाद शहरभर गाजला. पण खिडकीत दाणे टाकावेत की नाही यावर विंगा-विंगांत त्याआधीपासून जुंपलेली असायची. एक ताई लिहितात: कबुतरांच्या विष्ठेतले आणि पिसांवरच्या भुकटीतले कण श्वासावाटे सतत आत गेले तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि दुर्लक्ष झालं तर फुप्फुस कायमचं कडक होऊ शकतं. खाली लगेच उत्तर येतं: 'आमच्या आजोबांनी पन्नास वर्षं दाणे टाकले, काही झालं नाही.' महिन्याभराने वाद पुन्हा पेटतो. ताई तीच माहिती पुन्हा टाकतात आणि कुणीतरी वैतागून लिहितं, 'ताई, तेच तेच किती वेळा?'

माझं मत ताईंच्या बाजूने आहे, पण एका अटीवर.

आजोबांचा दाखला देणाऱ्या काकांचं मत बदलणं हे त्या मेसेजचं काम नव्हेच. ग्रुपवर लिहिणारे चार, वाचणारे शंभर. त्यात गेल्या आठवड्यात भाड्याने राहायला आलेलं जोडपं आहे आणि घरी दम्याचं लहान मूल असलेली आईसुद्धा. त्यांच्यासाठी ही पहिलीच वेळ. एमिली व्रागा आणि लेटिशिया बोड या संशोधकांनी समाजमाध्यमांवर नेमकं हेच तपासलं. चुकीच्या माहितीला कुणी उघडपणे दुरुस्त केलं, तर ते नुसतं पाहणाऱ्यांचा गैरसमज कमी होतो. ज्याला दुरुस्त केलं तो ऐको न ऐको.

अट अशी, की मुद्दा मुळात दमदार हवा. जॉन कॅसिओपो आणि रिचर्ड पेटी यांनी 1979मध्ये एकच संदेश काहींना एकदा, काहींना तीनदा, तर काहींना पाचदा ऐकवला. तीनदा ऐकणाऱ्यांचं मत एकदाच ऐकणाऱ्यांपेक्षा अनुकूल होतं. पाचदा ऐकणाऱ्यांचं पुन्हा घसरलं, कारण मुद्दा कळून मोकळं झालेलं डोकं आता खुसपटं काढायला लागलं होतं. दहा वर्षांनी त्याच दोघांनी दाखवलं, की सबळ मुद्दा पुन्हा ऐकवला की पाठिंबा वाढतो, लेचापेचा मुद्दा पुन्हा ऐकवला की घटतो. म्हणजे 'कबुतरं घाण करतात हो' हे दहादा लिहिल्याने ताईंचंच नुकसान. फुप्फुसात नेमकं काय होतं हे वेगळ्या शब्दांत, नव्या दाखल्यासह, काही दिवस जाऊ देऊन लिहिलं तर ते टिकतं. आणि समोरच्याचं चुकीचं वाक्य उद्धृत करून सुरुवात करू नये, नाहीतर त्याचीच उजळणी आपल्या हातून होते.

पुनरावृत्तीची काळी बाजूही आहे. किंबर्ली वीव्हर आणि सहकाऱ्यांनी 2007मध्ये दाखवलं, की एकाच माणसाने तीनदा मांडलेलं मत ऐकलं तरी गटात ते बऱ्याच जणांचं असावं असा आपला समज होतो; तिघा वेगवेगळ्या माणसांकडून ऐकावं जवळपास तितका. आवाज एकच, भास गर्दीचा. अशा भासाने काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्यांना जमावाने ठार केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायचं ठरवलं.

तरीही एकट्याच्या चिकाटीची गोष्ट मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविसींशिवाय पुरी होत नाही. 1969मध्ये त्यांनी सहा-सहा जणींच्या गटांना 36 निळ्या पारदर्शिका दाखवून रंग विचारला. सहांपैकी दोघी त्यांनी आधीच पढवून ठेवल्या होत्या. त्या दोघी दर वेळी 'हिरवा' म्हणाल्या, तेव्हा बाकीच्यांची 8.42 टक्के उत्तरं 'हिरवा' आली. दुसऱ्या गटांत पढवलेल्या दोघी कधी हिरवा, कधी निळा म्हणाल्या, तेव्हा प्रमाण 1.25 टक्क्यांवर आलं. सातत्य मोडलं की पत गेली. (मॉस्कोविसींचा पक्ष खोटा होता, हे मात्र विसरायला नको. चिकाटीला सत्याची गरज नसते.)

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नंतर प्रत्येकीला एकटीला बसवून निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचे रंग दाखवले, तेव्हा तोंडाने 'निळा'वर ठाम राहिलेल्यांचीही सीमारेषा सरकलेली आढळली. चारचौघांत कुणी कबुली देत नाही. तेव्हा मेसेजखाली अंगठे किती पडले हे ताईंनी मोजू नये. खिडक्यांना जाळ्या लावायचा ठराव सोसायटीच्या जनरल बॉडीत येईल तेव्हा हात मोजावेत, आणि जमलं तर मतदान चिठ्ठीने घ्यायला लावावं.