पुरुषांच्या जननेंद्रियावरील पुळ्या

शिश्न, वृषणकोश आणि जांघ यांच्या त्वचेवर दिसणारे उंचवटे, दाणे, फोड व गाठी. बोलीभाषेत या सगळ्यांना सरसकट ‘पुळी’ म्हणतात. त्यामुळे त्वचेची उपजत घडण, दाढीच्या पात्याने झालेली केसतोड आणि उपदंशाचा (बोलीत ‘गरमी’चा) व्रण हे तिन्ही एकाच शब्दात कोंबले जातात. त्यातून लाजेपायी निरुपद्रवी दाण्यांवर जालीम मलमे चोळली जातात आणि खरा आजार मात्र ‘दुखत नाही ना’ म्हणून अंगावर काढला जातो.

तरुण मुलांना सर्वाधिक घाबरवणारी गोष्ट बहुधा आजारच नसते. शिश्नमुंडाच्या कडेला, खाच सुरू होते तिथे, टाचणीच्या डोक्याएवढे (१ ते २ मिमी) गुळगुळीत, पांढुरके किंवा त्वचेच्याच रंगाचे दाणे एका किंवा दोन-तीन ओळींत गोलाकार मांडल्यासारखे दिसतात. डॉक्टर त्यांना ‘पर्ली पेनाइल पॅप्यूल’ म्हणतात. मोत्यांच्या सरीशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. वयात येताना ते दिसू लागतात, सुंता झालेल्यांत कमी आढळतात आणि वयाबरोबर फिके पडतात. तंतुमय ऊतक आणि बारीक रक्तवाहिन्या यांचेच ते बनलेले असतात. अस्वच्छतेशी, हस्तमैथुनाशी किंवा संसर्गाशी त्यांचा काही संबंध नाही. ओळखण्याची खूण म्हणजे त्यांची शिस्त: सगळे दाणे एकसारखे, ओळीत आणि महिनोन्‌महिने जसेच्या तसे. चामखिळीला असली शिस्त नसते.

शिश्नाच्या दांड्यावर व वृषणकोशावर त्वचा ताणली की उठून दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे केसाविना उघडणाऱ्या तैलग्रंथी, अर्थात ‘फोर्डाइस ठिपके’. जॉन फोर्डाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये ओठ व तोंडातील असे ठिपके वर्णिले. वृषणकोशावरचे गडद लाल-जांभळे रक्तवाहिन्यांचे ठिपकेही त्याच्याच नावाने ओळखले जातात, त्यामुळे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. हे दुसरे ठिपके उतारवयात वाढतात आणि खाजवल्यास रक्त येते, एवढाच त्यांचा त्रास. मात्र लहान वयातच ते कमरेपासून मांड्यांपर्यंत दाट उठले, तर फॅब्री या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. वृषणकोशातील कडक, पिवळसर, न दुखणाऱ्या गाठीही बहुधा साध्याच असतात. यांतले काहीही पिळू नये. पिळल्याने संसर्गच ओढवतो.

संसर्गजन्य आजारांत वेदनेवर भिस्त ठेवणे धोक्याचे. दुखरी, पू धरलेली, मधोमध केस असलेली पुळी बहुधा केसतोड निघते. उलट उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत) एक कडक कडेचा व्रण पडतो, जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) येते आणि औषधाविना ३ ते ६ आठवड्यांत व्रण भरूनही निघतो. रोगी सुटकेचा नि:श्वास टाकतो; जंतू मात्र शरीरात तसेच राहतात. हर्पीस या विषाणुजन्य आजाराचे मात्र उलटे: आधी जळजळ, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका, तो फुटून दुखऱ्या जखमा आणि पुढे त्याच भागात पुन्हा पुन्हा उद्भव.

जननेंद्रियावरील चामखिळी मऊ, खडबडीत, कधी फुलकोबीसारख्या असतात. त्यांतील सुमारे ९० टक्के एचपीव्ही विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांमुळे होतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ लस या प्रकारांविरुद्धही आहे, पण आलेली चामखीळ ती घालवत नाही. मधोमध खळी असलेला मेणचट दाणा मोलस्कम या त्वचेच्या विषाणुसंसर्गाचा असतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतही पुरळ आणि घरातले इतरही खाजवताहेत, असे असेल तर ती खरूज. शिश्नावर तिच्या टणक गाठी महिनोन्‌महिने टिकू शकतात.

संसर्गाशिवायही काही खुणा महत्त्वाच्या आहेत. अग्रत्वचेला वारंवार चिरा पडून पांढरा थर येत असेल, तर रक्तातील साखर तपासावी. कित्येकांचा मधुमेह असाच उघडकीस येतो. एखादे औषध घेतले की दरवेळी त्याच जागी काळपट चट्टा उठणे ही त्या औषधाची ॲलर्जी असते. न भरणारी जखम, वाढती किंवा रक्त येणारी गाठ, मागे न सरणाऱ्या अग्रत्वचेखालून येणारा दुर्गंधी स्राव यांत शिश्नाचा कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी तुकडा काढून तपासतात.

दुकानातून स्टेरॉइड-मिश्रित मलम आणून लावण्याची सवय या भागात विशेष नडते: त्वचा पातळ होते, नायटा पसरतो आणि डॉक्टरांना मूळ खूणच दिसत नाही. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. निदान संसर्गाचे निघाल्यास जोडीदाराचीही तपासणी करावी लागते. उपदंशाची व्हीडीआरएल ही रक्तचाचणी व्रण नुकताच पडलेला असताना नकारात्मक येऊ शकते, म्हणून संशय असल्यास ती काही आठवड्यांनी पुन्हा करतात.