तालिमखाना धुऊ नका

आमच्या दुकानात तालिमखान्याच्या बियांचं पाकीट परत घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "बियांत डिंक मिसळलाय, सगळ्याचा गोळा झाला." भेसळ वगैरे काही नसते. बिया धुतलेल्या असतात, एवढंच.

तालिमखाना, म्हणजे आपला कोळसुंदा, दलदलीत, तळ्याकाठी, भातखाचरांच्या कडेला उगवतो. पेरापेरावर सहा-सहा लांब काटे आणि त्यांच्या बेचक्यात जांभळी फुलं. त्याचं बी बारीक, चपटं, तांबूस-तपकिरी. त्यावर लव असते, पण कोरडी असताना ती अंगाला चिकटून बसते, म्हणून दिसत नाही. पाणी लागताच लव फुगते, बुळबुळीत होते आणि बिया एकमेकींना धरतात. मग उन्हात कितीही वाळवा, त्या सुट्या होत नाहीत. चिक्कीसारखी वडी तेवढी हाती येते.

म्हणून आम्हीही बी धुत नाही. पाखडतो, चाळतो, हाताने निवडतो. क्वचित एखादं फोलपट दिसलं तर तुम्हीही पाखडूनच काढा.

दळायचं असेल तर मिक्सरचं भांडं पूर्ण कोरडं हवं. चूर्ण दुधात घालताना ढवळत राहा आणि लगेच प्या. कोरडं बी किंवा चूर्ण तोंडात टाकू नका. टाळूला चिकटतं, घशातही अडकू शकतं.

आयुर्वेदात बी शक्तिवर्धक आणि शुक्रवर्धक म्हणून देतात, मूळ लघवी साफ होण्यासाठी. वातरक्तावर, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या गाउटसारख्या विकारावर, याचा गुळवेलीबरोबर काढाही सांगितलेला आहे. मात्रा आम्ही काउंटरवर सांगत नाही. काहींना राग येतो, पण ते वैद्यांचं काम. गरोदर असाल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

"हा सब्जाच आहे ना?" असंही विचारतात. सब्जा भिजला तरी दाणा न् दाणा वेगळा दिसतो, तालिमखान्याचा चिकट लगदा होतो. खात्री करायची तर चिमूटभर भिजवा, पाकीटभर नको.

दळण्याची कटकट नको असेल तर चूर्णही मिळेल. ऑर्डर आल्यावरच दळतो आणि लहान पाकिटातच देतो, कारण दमट हवेत त्याच्या गुठळ्या होतात. धुतलेलं पाकीट मात्र बदलून मिळणार नाही.